सुप्रभाकाकूंचं चिनी घर

त्या घराला पुढून एक देखणं निळं दार होतं, पितळी कडीचं. पण सुप्रभाकाकू कुणालाही त्यातून आत घेत नसत. पाहुण्याने बेल वाजवली की काकू दार उघडायच्या, पायरीवर उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "वळसा घालून मागच्या गल्लीतून या." पाऊस असो, पाहुण्याचे गुडघे दुखत असोत, काकूंना काही फरक पडत नसे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही त्यांनी तसंच पिटाळलं. मागे कचऱ्याचे डबे, एक ओला बोळ आणि स्वयंपाकघराचं बुटकं दार. मी तणतणत आत शिरले तर काकू टेबलाशी बसून शांतपणे चहा ओतत होत्या.

"तो असाच यायचा," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारावर चिनी वकिलातीची माणसं वॉच ठेवून असायची. शूज ओले झाले ना तुझे? वैतागलीस ना? गुड. आता बस, तुला त्याची गोष्ट सांगते."

तो म्हणजे तान शी-लिन. हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर लाजू नका, मीही ऐकलं नव्हतं. चीनच्या बादशहाविरुद्ध लिहिलं म्हणून हा पळाला, ब्रिस्टलच्या टोटरडाउन भागात एका खलाशाच्या विधवेकडे तीन वर्षं खोली घेऊन लपून राहिला, १९११ साली तिकडे क्रांती झाल्यावर परत गेला आणि नव्या सरकारात काही महिने मंत्री झाला. मग ते सरकारही कोसळलं आणि हा सिंगापूरला जाऊन आजारपणात गेला. इतिहासाच्या पुस्तकात फार तर एक परिच्छेद मिळेल एवढाच माणूस. मी काकूंना चिडवायचे, "काकू, एवढी मेहनत घ्यायची तर निदान एखादा पंतप्रधान तरी पकडायचा होतात."

"मोठ्यांना पुतळे असतात गं," काकू म्हणायच्या. "याला मी आहे."

मी वरदा. पुण्याची. २००३ साली फिल्टनला विमानांचे पंख डिझाइन करायच्या नोकरीवर ब्रिस्टलला आले. त्याच वर्षी मंडळाच्या गणपतीत मोदकांच्या रांगेत काकू भेटल्या आणि "एकटी राहतेस ना, मग शनिवारी ये" असं म्हणून त्यांनी मला कामालाच लावलं. काकू म्हणजे सुप्रभा टिपणीस. नवरा डॉक्टर शशिकांत टिपणीस, छातीच्या रोगांचे. अडुसष्ट साली दोघं आले. डॉक्टरांना हॉस्पिटल मिळालं, काकूंना पब्लिक लायब्ररी. मूलबाळ झालं नाही. डॉक्टर रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेलेही. ब्रिस्टलमधल्या आम्हा सगळ्यांना वाटलं की काकू आता गाशा गुंडाळून पुण्याला जाणार. त्या कुठेही गेल्या नाहीत, कारण भिंतीपलीकडे, त्या निळ्या दाराच्या घरात, मिस प्यू होती.

मिस एडिथ प्यू म्हणजे त्या खलाशाच्या विधवेची नात. तिचं लग्न झालं नव्हतं. आयुष्यभर त्याच घरात राहिली. तान त्या घरात होता तेव्हा ती पाच-सहा वर्षांची. त्याला आठवणारं जगातलं ते शेवटचं माणूस असावं. काकू तिला रोज डबा द्यायच्या, मऊ भात आणि बिनतिखटाची आमटी. त्या बदल्यात एडिथ तानच्या गोष्टी सांगायची. तो कुठे बसायचा, काय गुणगुणायचा, कोळसे कसे पेटवायचा. एडिथने मृत्युपत्रात घर एका छोट्या ट्रस्टला दिलं. शहाण्णवच्या हिवाळ्यात ती हॉस्पिटलमध्ये गेली ती परत आलीच नाही, आणि जायच्या आधी तिने काकूंना एक निरोप सांगितला. तो तानच्या मुलीसाठी होता, किंवा मुलगी नसेल तर तिच्या मुलाबाळांसाठी. तान पळाला तेव्हा त्याची मुलगी मागे चीनमध्येच राहिली होती, आणि तो परत गेल्यावरही दोघांची गाठ पडली नाही.

"काय निरोप?" मी एकदा विचारलं.

"तुला नाही सांगणार. तो त्यांच्या घरचा आहे, घरच्यांनाच सांगायचा. एडिथने मला शपथ घातली."

आणि काकूंनी ती पाळली. दर शनिवारी पाहुण्यांना घर दाखवताना कोळसे सांगितले, गुणगुणणं सांगितलं, पण ती एक गोष्ट कधीही नाही. कोण येणार होतं विचारायला? तरी त्यांचा भरवसा होता की कुणीतरी येईल. मला ते जरा वेडेपणाचं वाटायचं. पण नवरा गेल्यावर ज्या घराने त्यांना उभं केलं, त्या घराचं त्यांच्यावर एवढं एकच ऋण होतं. ते फेडायला त्या थांबल्या होत्या.

तो निरोप आणखी एका माणसाला मात्र माहीत होता. तिचं नाव डोरीन.

डोरीन प्राथमिक शाळेची रिटायर्ड हेडमिस्ट्रेस. उंच, खणखणीत आवाजाची, चॅपलमध्ये सगळ्यांच्या पुढे बसणारी. एडिथलाही चॅपलमुळे थोडीफार ओळखायची. ट्रस्टने शनिवारी घर उघडायला सुरुवात केली तशी डोरीन व्हॉलंटिअर म्हणून आली, आणि काकूंची सख्खी मैत्रीण झाली. दर गुरुवारी ती काकूंकडे जेवायला असायची. भरली वांगी, थालीपीठ, शेवयांची खीर, काहीही वाढा, डोरीन हाताने खायची आणि बोटं चाटायची. मला ती आवडायची. हे मुद्दाम लिहितेय, नाहीतर तुम्हाला वाटेल मी आधीपासूनच तिच्यावर दात ठेवून होते.

२००२ साली काकूंची बायपास झाली. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्यांनी डोरीनला बोलावलं आणि एडिथचा निरोप तिच्या कानावर घातला. "मी मेले तर तू सांग. जगले तर विसरून जा." काकू जगल्या. मी तेव्हा आलेही नव्हते, त्यामुळे मला सांगण्याचा प्रश्नच नव्हता. तरी मला थोडा मत्सर वाटायचा, खोटं कशाला बोलू.

डोरीनने काकूंकडून खूप काही उचललं होतं, आणि त्यात आपला आग्रहही होता. पहिल्या वेळी "नको, नको, पोट भरलं" म्हणायचं आणि ताटावर हात आडवा धरायचा, पण तो असा की बोटांच्या फटीतून पुरी सरकेल. दुसऱ्यांदा जरा कमी जोराने नको म्हणायचं. तिसऱ्यांदा "बरं, अर्धी." हे सगळं ती अस्सल सदाशिवपेठी सुनेइतकं बेमालूम करायची. काकूंना ती सू म्हणायची. नव्या व्हॉलंटिअर्सची मीटिंग होती तेव्हा तिने उभं राहून सगळ्यांना बजावलं होतं, "आमच्या सूला काही विचारायचं असेल तर तीनदा विचारा. पहिला नो मोजायचाच नाही. पहिला नो म्हणजे नुसते मॅनर्स." सगळे हसले. सर्वांत जास्त काकू हसल्या. आपल्याला कुणीतरी इतकं ओळखतं याचा आनंद होता तो.

मग ट्रस्टला कुठूनसं मोठं अनुदान मिळालं आणि घराचे दिवस पालटले. छप्पर नवीन झालं, भिंतींना जुना रंग शोधून लावला, तिकीटखिडकी आली. म्युझियम म्हणून रीतसर उद्घाटन करायचं ठरलं, २००७च्या मे महिन्यात. आणि ट्रस्टच्या चेअरमनना व्हँकूव्हरमध्ये तानची नात सापडली. मिसेस ल्यूंग, सत्तरीच्या पुढच्या. तानच्या त्याच मुलीची मुलगी. त्या यायला तयार झाल्या, पण फोनवर चेअरमनना स्पष्ट म्हणाल्या की त्यांच्या आईने बापाला कधी क्षमा केली नाही. मुलीला टाकून गेला आणि एकदा मागे वळून पाहिलं नाही, असंच ती मरेपर्यंत म्हणत होती. "मी आता म्हातारी झाले, म्हणून एकदा पाहून जाते," असं काहीसं त्या बोलल्या.

चेअरमननी हे काकूंना सांगितलं त्या दिवशी काकूंनी मला ऑफिसात फोन केला. एरवी त्या ऑफिसात कधीही फोन करत नसत.

"वरदा, ती येतेय. त्याची नात. आणि तिला काही माहीत नाही गं. तिच्या आईलासुद्धा माहीत नव्हतं. अगं, एडिथने मला जे सांगितलंय ना, ते नेमकं..." आणि पुढे त्यांना बोलवेना. मी मीटिंगमधून उठून कॉरिडॉरमध्ये आले होते. तिथे उभी राहून मीही डोळे पुसले, का ते मला धड माहीत नसताना.

त्यानंतरच्या गुरुवारी मी काकूंकडेच होते. डोरीन जेवत होती, मी जेवत होते, काकू गरम पोळ्या वाढत होत्या. डोरीन म्हणाली, "कमिटीत विषय निघाला, मिसेस ल्यूंगना घर कोण दाखवणार. मी म्हटलं, आधी सूला विचारू. करशील का?"

काकूंचा चेहरा असा फुलला की मी पोळीचा घास हातातच धरून पाहत राहिले. पण तोंडातून काय आलं? "छे छे, नो नो, मी कसली! यू डू इट, डोरीन. तुझा आवाज किती छान, तुला लोकांपुढे बोलायची सवय." आणि त्या वळून गॅसकडे गेल्या. तव्यावर पोळी टाकली, ती उलटली, पुन्हा उलटली. पाठमोऱ्या. त्या पाठीकडे पाहून मला सगळं कळत होतं. आपल्याकडे लग्नात मानाचं ताम्हन हातात देतात तेव्हा आधी "अहो, तुम्हीच घ्या" म्हणावंच लागतं. चटकन हात पुढे करणारी बाई हावरट. काकू दुसऱ्यांदा विचारण्याची वाट पाहत होत्या.

डोरीनने नॅपकिनने तोंड पुसलं. "वेल, इफ यू आर शुअर," ती म्हणाली. "मग मी त्यांना तसं कळवते."

मी तोंड उघडलं. काकू वळल्या होत्या आणि त्यांनी डोळ्यांनीच मला दटावलं. पोळी तव्यावर करपली होती. ती त्यांनी स्वतःच्या ताटात घेतली.

डोरीन गेल्यावर मी फणकारले. "काकू, आत्ताच्या आत्ता फोन करा आणि सांगा की मलाच दाखवायचंय."

"विचारेल ती परत. पुढच्या गुरुवारी विचारेल. तिला माहितेय माझं."

"आणि नाही विचारलं तर?"

"मग काय मागून घेऊ? मान मागून घेतात का कधी?"

पुढच्या गुरुवारी डोरीनने हवामानाबद्दल, चॅपलच्या छपराबद्दल आणि तिच्या भाचीच्या घटस्फोटाबद्दल बोलून घेतलं. त्याच्या पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही, तयारीत होती म्हणे. मग कार्यक्रमपत्रिका छापून आली. "घराची ओळख: डोरीन." खाली बारीक अक्षरांत "चहा-फराळ: सू आणि मैत्रिणी." मैत्रिणी म्हणजे मी एकटी.

मी ती पत्रिका टेबलावर आपटली. काकूंनी ती उचलून फ्रिजला मॅग्नेटने लावली. "बरंच झालं," त्या म्हणाल्या. "माझे पाय दुखतात जिन्यावर. घर ती दाखवेल. निरोप माझ्याकडेच आहे ना? चहा झाला की मिसेस ल्यूंगना बाजूला घेऊन बसेन मी. दहा मिनिटं खूप झाली. असल्या गोष्टी गर्दीत सांगायच्या नसतातच."

मी मनात म्हटलं, ज्याच्या हाती ससा तो पारधी.

उद्घाटनाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. काकू हिरवी नारायणपेठ नेसल्या होत्या, मोत्यांच्या कुड्या घातल्या होत्या. आदल्या दिवसापासून खपून त्यांनी नारळाच्या वड्या आणि खारी शंकरपाळी केली होती, कमिटीच्या काकडीच्या सँडविचबरोबर ठेवायला. मिसेस ल्यूंग लहानखुऱ्या होत्या. करडा कोट, हातात घट्ट धरलेली पर्स. मेयरशी हात मिळवताना त्या एकदाही हसल्या नाहीत. काकू दुरून त्यांच्याकडे सारख्या पाहत होत्या. "कपाळ बघ," मला कोपराने ढोसून म्हणाल्या, "अगदी फोटोतल्या तानचं."

डोरीनने कॉलरला माइक लावला होता. सगळे पुढच्या दारापाशी जमल्यावर तिने हात वर केला आणि म्हणाली, "आपण इथून जायचं नाही. मागच्या गल्लीतून. तो असाच यायचा." आणि त्या पन्नास-साठ लोकांना, मेयरसकट, तिने कचऱ्याच्या डब्यांपाशी नेलं. गल्लीत सगळे जरा कुरकुरले, तेव्हा म्हणाली, "वैतागलात ना? गुड." अगदी तोच शब्द, तोच ठेका. लोक खूश होऊन हसले. आयत्या पिठावर रेघोट्या! मी काकूंकडे पाहिलं. आम्ही दोघी वड्यांचे ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या आतल्या दारात उभ्या होतो.

"असू दे," काकू पुटपुटल्या. "चांगलं सांगते ती."

लोक स्वयंपाकघरात आले. मिसेस ल्यूंग टेबलाशी, बाकीचे भिंतींना टेकून, काही दारातून माना काढून. डोरीनने कोळसे सांगितले, गुणगुणणं सांगितलं. मग ती फडताळाकडे गेली आणि वरच्या फळीवरून एक वाटी काढली. साधी पांढरी, निळ्या काठाची. मी ती शंभरदा पुसली असेन. तिच्यावर कधीच लेबल नव्हतं, आणि का नाही ते काकूंनी कधी सांगितलं नव्हतं.

माझ्या शेजारी काकूंचा श्वास एकदम वर गेला आणि तिथेच राहिला. तेव्हा मला कळलं की एडिथचा निरोप ह्या वाटीचाच आहे.

"आता मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे," डोरीन म्हणाली, "जी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. एडिथ प्यू मृत्युशय्येवर होती. तिने माझा हात धरला, आणि म्हणाली..."

माझा हात! मी काकूंकडे बघू शकले नाही.

डोरीन सांगत गेली. तान रोज संध्याकाळी ह्या टेबलाशी जेवायचा. स्वतःची वाटी मांडायचा आणि शेजारी ही दुसरी, लहान. तिच्यात चमचाभर भात वाढायचा. छोट्या एडिथला वाटलं ती आपल्यासाठी, म्हणून तिने हात घातला. तान रागावला नाही. म्हणाला, ही माझ्या मुलीची आहे. ती तुझ्याएवढी आहे. तिला यायला उशीर होतोय. पुढे तीन वर्षं, एकही दिवस न चुकता, ती वाटी मांडली गेली. शेवटच्या दिवशी त्याने ती धुतली, पुसली, वरच्या फळीवर ठेवली आणि एडिथला सांगितलं, ती आलीच तर तिला दे. सांग की तिचं पान रोज वाढलेलं होतं.

डोरीन थांबली. तिला थांबता चांगलं येतं. मग तिने दोन्ही हातांनी वाटी मिसेस ल्यूंगसमोर धरली आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. टाळ्यांबरोबर कॅमेरे आले. मिसेस ल्यूंगनी वाटी घेतली नाही. त्यांनी कार्यक्रमपत्रिका चेहऱ्यासमोर धरली, आणि गर्दीतून वाट काढत, सॉरी सॉरी म्हणत, मागच्या अंगणात निघून गेल्या. असं उघड्यावर, साठ लोकांच्या देखत, त्या बाईचं शंभर वर्षांचं दुःख फोडलं होतं. एडिथला जे नको होतं ते नेमकं हेच.

काकूंनी ट्रे खाली ठेवला. "एकटीला सांगायचं होतं गं," त्या म्हणाल्या. "एकटीला."

लोक चहाकडे पांगले. आम्ही कोठीच्या खोलीत गेलो, जिथे कपबशा धुवायच्या होत्या. थोड्या वेळाने डोरीन हातात बशी घेऊन तिथे आली, गाल लाल, डोळे चमकत. "कसं झालं?" तिने विचारलं. पुढचं सगळं इंग्रजीत झालं, पण मला ते मराठीतच आठवतं.

काकूंनी नळ बंद केला. "तुला मी ते मरायच्या भीतीने सांगितलं होतं, डोरीन. जगले तर विसर म्हटलं होतं."

"सू, अशी गोष्ट कोण विसरेल? आणि ती आता घराची आहे, आपल्या दोघींपैकी कुणाचीच नाही. तू पाहिलंस ना, लोक रडत होते."

"एडिथने तुझा हात धरला?"

डोरीन जरा चाचरली. "ऐकणाऱ्यांना सोपं जातं तसं. शेजारणीने ऑपरेशनच्या आधी मला सांगितलं, असं कसं सांगणार? आणि हे बघ, मी तुला विचारलं होतं. सगळ्यांच्या आधी तुलाच विचारलं, हे सगळं तू कर म्हणून. तू नाही म्हणालीस."

"एकदाच म्हणाले होते," काकू म्हणाल्या.

डोरीनची मान खालून वर लाल होत गेली, थेट कानांपर्यंत. तिला माहीत होतं. त्या गुरुवारी नॅपकिनने तोंड पुसताना तिला नीट माहीत होतं की पहिला नो मोजायचा नसतो, आणि तिने तो मोजला, कारण तिला माइक हवा होता. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे. दहा वर्षं ज्या बाईच्या हातचं जेवली, तिच्या शिष्टाचाराचाच फास केला. मला त्या क्षणी डोरीनच्या हातातली बशी ओढून फोडावीशी वाटली. अजूनही वाटते.

तेवढ्यात दारात मिसेस ल्यूंग उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले, पण आवाज सरळ होता.

"माफ करा. मला एक विचारायचं आहे आणि मग मी जाईन." त्या डोरीनकडे पाहून बोलत होत्या. "माझी आई त्याचं नाव घेत नसे. मरतानासुद्धा म्हणाली, त्याने मला एकदाही आठवलं नाही. आता तुम्ही ही वाटी दाखवलीत. मी पुष्कळ म्युझियम पाहिली आहेत. गाइड लोक गोष्ट रंगवतात, त्यांचं ते कामच असतं, माझा राग नाही. पण मी घरी गेले की आईच्या थडग्यापाशी जाऊन हे तिला सांगणार आहे. त्यातलं थोडंसुद्धा तुमच्या पदरचं असेल, तर मला आत्ता सांगा. अर्धं खरं असेल तर मी ते तिच्याकडे नेणार नाही. सगळं इथेच ठेवून जाईन."

डोरीनने तोंड उघडलं. ज्या बाईने चाळीस वर्षं पोरांना खरं बोलायला शिकवलं, तिच्या तोंडून आवाज निघेना. मिसेस ल्यूंगचा चेहरा मिटत गेला. मग त्या काकूंकडे वळल्या. "चेअरमन म्हणाले तुम्ही इथे सगळ्यात जुन्या. तुम्ही तरी सांगाल का? हे खरं आहे?"

मी मनात ओरडत होते. बोला, काकू. सांगा की हात तुमचा धरला होता, ही चोर आहे. एका वाक्यात डोरीनचा निकाल लागला असता. काकूंनाही ते दिसत होतं, कारण त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि पदराने हात पुसत होत्या, ते कोरडे झाले तरी पुसत होत्या. पण ती एक बाब खोटी ठरली असती की ह्या बाईने वाटीसकट सगळंच टाकून दिलं असतं, आणि थडग्यातल्या त्या पोरीला कुणीच काही सांगितलं नसतं.

"खरं आहे," काकू म्हणाल्या. "वाटी, भात, रोजचं पान. शब्दन् शब्द खरा आहे."

मिसेस ल्यूंगनी काकूंचे दोन्ही हात धरले. हिरव्या नारायणपेठेचा पदर त्यांच्या बोटांत आला होता. "तुम्ही ऐकलंत ते? मिस प्यू सांगत होत्या, तेव्हा तुम्ही त्यांच्याजवळ होतात?"

काकूंनी डोरीनकडे पाहिलं. डोरीन जमिनीकडे बघत होती.

"नाही," काकू म्हणाल्या. "डोरीन होती."